बहिरी दिशा

ऐकणे ही क्रिया आपण सहसा निष्पाप मानतो. बोलणाऱ्यावर जबाबदारी असते. त्याने काय बोलावे, कोणासमोर बोलावे, किती बोलावे, याविषयी नीती आहे, संकेत आहेत, कायदेही आहेत. ऐकणाऱ्याकडून मात्र फारतर लक्ष देण्याची अपेक्षा असते. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. तेव्हा जे कानावर पडते त्याचा दोष कानाला कसा लावावा, असा आपला साधा युक्तिवाद असतो. माझाही तोच होता. उतारवयात हौसेखातर बांधलेल्या एका यंत्राने त्याला तडा गेला. त्या यंत्राची आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाची ही हकीकत आहे.

मी मूळचा अलिबागचा. नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला आलो आणि निवृत्तीनंतर हूटगळ्ळीतच राहिलो. शहराच्या वायव्येला, हुणसूर रस्त्याच्या अंगाने पसरलेले हे गाव एकेकाळी शेताभाताचे होते. मग भोवती कारखाने आले, कारखान्यांपाठोपाठ निवासी वसाहती आल्या, आणि आता तर ते नगरसभेचे गाव झाले आहे. विजेच्या तारा, मोटारी, पंप, इन्व्हर्टर यांच्या या मुलखात आकाश ऐकायला बसणे म्हणजे बाजारात समाधी लावण्याचाच प्रकार. परंतु माणूस ज्या गच्चीवर राहतो तिथूनच त्याला आकाश पाहावे लागते. दुसरी गच्ची आणायची कुठून?

यंत्र म्हणावे तर अगदी साधे. सागवानी पट्ट्यांची, पतंगाच्या कामट्यांसारखी फुलीने जोडलेली, मीटरभर बाजूची चौकट. तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे काही डझन वेढे. ही तार मोटारी रिवाइंड करणाऱ्याच्या दुकानात किलोवर मिळते. वेढ्यांची दोन टोके एका लहानशा प्रवर्धकाकडे जातात आणि तिथून संगणकाच्या साउंड कार्डाकडे. चौकट एका खांबावर बसवलेली असल्यामुळे हव्या त्या दिशेला फिरवता येते. रेडिओच्या परिभाषेत अशा चौकटीला आकाशक म्हणतात. अँटेना या शब्दासाठी मराठीने घडवलेला हा शब्द मला फार आवडतो. जणू आकाशाला आत घेणारे काहीतरी.

हा ग्राही अतिनिम्न वारंवारतेचा, म्हणजे तीन ते तीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला. इथल्या लहरींची लांबी मीटरांत नव्हे, किलोमीटरांत मोजावी लागते. एका बाजूला पृथ्वी आणि दुसऱ्या बाजूला आयनांबर यांच्या मधल्या पोकळीतून, बोगद्यातून आवाज घुमत जावा तशा त्या हजारो किलोमीटर जातात. पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी चाळीस ते पन्नास विजा चमकतात. त्यांतल्या कित्येकींचा तडतडाट, तव्यावर मोहरी उडावी तसा, या चौकटीतून ऐकू येतो. सूर्यास्तानंतर त्या तडतडीत एक वेगळा सूर मिसळतो: पागोळीचा थेंब भांड्यात पडून घुमावा तसा 'टिव्क' असा एक क्षणिक नाद. आयनांबराच्या तळाशी आपटत आपटत आलेल्या लहरींचे कमी वारंवारतेचे घटक जरा मागे रेंगाळतात, त्याचा हा नाद. बंगालच्या उपसागरावर कुठेतरी पाऊस पडतो आहे आणि त्याची वर्दी हूटगळ्ळीच्या गच्चीवर येते आहे, हा अनुभव पहिल्या रात्री मला झोपू देईना.

ज्याच्या ओढीने मी हा खटाटोप केला तो आवाज मात्र मला अद्याप ऐकू आलेला नाही, आणि येणारही नाही. विजेतून निघालेली लहर कधीकधी आयनांबर भेदून वर जाते, पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेचे बोट धरून अवकाशात दूरवर फिरते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते. या प्रवासात तिचे उच्च स्वर आधी पोहोचतात, नीच स्वर नंतर. म्हणून ऐकणाऱ्याला वरून खाली घसरत येणारी एक दीर्घ शीळ ऐकू येते. आपल्याकडे वाराणसी, नैनिताल, गुलमर्ग येथे अशा शिळा नोंदल्या गेल्या आहेत. म्हैसूर मात्र चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ आहे, आणि इथल्या बलरेषा बुटक्या आहेत. त्यांच्यावरून शीळ येत नाही. हे कळल्यावर काही दिवस मी खिन्न होतो. मग लक्षात आले की, आपल्याला काय ऐकू येणार नाही हे समजणे हाही ऐकण्याच्या शिक्षणाचा भाग असावा.

म्हैसूरने या देशाला 'आकाशवाणी' हा शब्द दिला. इथल्या महाराजा महाविद्यालयात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरातून एक छोटे नभोवाणी केंद्र चालवले, आणि तिथले हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. त्या शब्दात पुराणातला धाक आहे. आकाशातून येणारी वाणी अंतिम, संशयातीत. माझ्या गच्चीवर उतरणारी वाणी अगदी उलट. तिच्यातले आकाशाचे किती आणि आपल्या वस्तीचे किती, हे ठरवण्यातच रात्र सरते.

शीळ नाही तर सूर्य, असे मी ठरवले. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम येथे भारतीय नौदलाचे अतिनिम्न वारंवारतेचे प्रक्षेपण केंद्र आहे. या लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरतात, म्हणून जगभरची नौदले पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी त्यांचा उपयोग करतात. १८.२ किलोहर्ट्झवरचा तो संकेत साडेचारशे किलोमीटरवरून माझ्या चौकटीत उतरतो. सूर्यावर प्रज्वाल उठला की आठ मिनिटांत त्याचे क्ष-किरण पृथ्वीशी पोहोचतात, दिवसा सुमारे सत्तर किलोमीटर उंचीवर असलेला आयनांबराचा तळचा थर अधिक आयनीभूत होतो, आणि संकेताची तीव्रता एकाएकी बदलते. संगणकाच्या पडद्यावरची रेषा झपकन चढते किंवा उतरते आणि तासाभराने सावकाश पूर्वपदावर येते. दुर्बीण नको, ढगांची अडचण नाही. सूर्याची नाडी अशी दुसऱ्याच्या आवाजावर बोट ठेवून पाहता येते.

या व्यवस्थेतील गंमत विचार करण्यासारखी आहे. नौदलाच्या दृष्टीने संदेश हेच सर्वस्व आणि सूर्यामुळे येणारा चढउतार हा व्यत्यय. माझ्या दृष्टीने चढउतार हेच सर्वस्व. संदेश मला उलगडत नाही, आणि उलगडावा अशी इच्छाही नाही. एकच लहर, पण तिच्यातला गोंगाट आणि तिच्यातला अर्थ यांनी जागांची अदलाबदल केलेली. तेव्हा गोंगाट ही आवाजाची जात नव्हे. तो ऐकणाऱ्याने दिलेला निवाडा आहे. आणि निवाडा आला की जबाबदारी आली. हे मला तेव्हा एक सुबक विधान म्हणून सुचले होते. त्याचे ओझे पुढे कळले.

२०२३ च्या दसऱ्याआधी माझ्या नोंदीत एक खरवडा दिसू लागला. संध्याकाळी सातच्या सुमारास रेषेला झिपऱ्या फुटत, आणि रात्री उशिरापर्यंत त्या थांबून थांबून चालू राहत. चौकटीच्या आकाशकाचा एक गुण असा की, तिच्या प्रतलाच्या दिशेने येणारी लहर तिला उत्तम कळते, पण प्रतलाला काटकोनात येणाऱ्या लहरीला ती बहिरी असते. चौकट फिरवत राहावे. ज्या स्थितीत उपद्रव सर्वांत मंदावतो, त्या स्थितीतील बहिऱ्या दिशेला उपद्रवाचे घर असते. दोन संध्याकाळी हा उद्योग केला तेव्हा ती दिशा नैर्ऋत्येला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली निघाली. तिथे एक घर सोडून पलीकडे एक बाई शिवणकाम करते. तिच्या मशीनला विजेची मोटार आहे, आणि मोटारीतल्या ब्रशांपाशी बारीक ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे इवलीशी वीजच. उपसागरावरची वीज ऐकण्यासाठी बांधलेल्या यंत्राला शेजारची वीज ऐकू येत होती, आणि दोहोंत भेद करण्याचे त्याला काहीच कारण नव्हते.

भेद मी केला. एकीला निसर्ग म्हटले, दुसरीला उपद्रव. टिपणवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी तिच्या कामाचे तास लिहू लागलो, पुढे नोंदीतून ते वजा करता यावेत म्हणून. दोन आठवड्यांत मला नकळत बरेच काही कळले. ती किती वाजता बसते, जेवायला केव्हा उठते, सणाच्या तोंडावर मध्यरात्रीनंतरही मशीन कसे चालते, कोणत्या वारी चालत नाही. मी भिंतीला कान लावला नव्हता, खिडकीतून डोकावलो नव्हतो. मी सूर्याची नोंद ठेवत होतो.

मग दिवाळी अगदी जवळ आली असताना सलग पाच दिवस रेषा स्वच्छ राहिली. नोंदीच्या दृष्टीने ते दिवस सोन्यासारखे. मला मात्र चैन पडेना. कामाच्या ऐन हंगामात शिवणारीचे मशीन बंद का? सहाव्या दिवशी मी तिच्या दाराशी गेलो आणि सहज आलो असे सांगितले. तिच्या आईला रुग्णालयात ठेवले होते. मी दोन शब्द बोललो, काही लागले तर कळवा म्हणालो आणि परतलो. शेजारधर्म म्हणून यात वावगे काही नव्हते. पण 'सहज आलो' हे खोटे होते, आणि ते खोटे मला बोलावे लागले याचाच अर्थ, मला जे ठाऊक होते ते ठाऊक असण्याचा माझा अधिकार नव्हता.

आई घरी आल्यावर मी पुन्हा गेलो आणि खरे ते सांगितले. गच्चीवर नेऊन यंत्र आणि पडद्यावरची रेषाही दाखवली. तिने बराच वेळ ती पाहिली. सूर्याविषयी तिने काही विचारले नाही. मी रात्री किती वाजेपर्यंत शिवते हे यावर दिसते का, एवढेच तिने कन्नडमध्ये विचारले. दिसते, म्हणालो. ते माझ्या घरातसुद्धा कुणाला नीट ठाऊक नाही, असे ती म्हणाली आणि गप्प झाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. मोटारीवर एक लहान कपॅसिटर बसवला तर ठिणग्यांचा उपद्रव कमी होईल, तो मी आणून बसवून देतो, असे मी सुचवले. सणाच्या आधी चालते मशीन कोणी उघडत नाही, असे तिने सांगितले. मला ते पटले. माझ्या हौसेसाठी तिच्या पोटाच्या साधनाला हात का लागावा?

अशा वेळी मला हाइनरिक बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाची गोष्ट आठवते. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या रणांगणावरील टेलिफोनचे संभाषण जमिनीतून गळून येणाऱ्या विद्युत्प्रवाहावरून चोरून ऐकण्याची यंत्रणा सैन्याने उभारली होती. कान लावून बसलेल्यांना संभाषणाच्या जोडीला विचित्र शिळा ऐकू येत, आणि तोफगोळे उडाल्याचा भास होई. बार्कहाउझेनने त्याविषयी १९१९ मध्ये लिहिले. त्या शिळांचा उलगडा मात्र केंब्रिजच्या एल. आर. ओ. स्टोरी यांनी १९५३ मध्ये केला. म्हणजे मी ज्या शिळेसाठी झुरलो, ती ऐकली चोरून ऐकणाऱ्यांनी, आणि तीही उपद्रव समजून. ते माणसांचे बोलणे ऐकू पाहत होते, त्यांना आकाश ऐकू आले. मी आकाश ऐकू पाहत होतो, मला एका घराचे कष्ट ऐकू आले. त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणावे, तर त्यांच्या हाती जे आले ते निर्मळ होते. माझा हेतू निर्मळ होता असे म्हणावे, तर माझ्या वहीत जे जमा झाले ते दुसऱ्याचे होते. तेव्हा ऐकण्याची नीती केवळ हेतूवर तोलता येणार नाही. हाती काय आले आणि त्याचे आपण काय केले, हेही पाहावे लागेल.

मी काय करायला हवे होते? वहीतली ती पाने फाडावीत, असा पहिला विचार आला. पण नोंद ठेवणाऱ्याच्या धर्मात पान फाडणे हेही पाप आहे. मी ज्या गावात वाढलो तिथल्या वेधशाळेने हे मला फार लवकर शिकवले होते. मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. २ सप्टेंबर १८५९ रोजी तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. निरीक्षकांनी तो आकडा लिहून ठेवला. त्या महावादळाची तीव्रता ठरवण्यासाठी त्या नोंदीचा आधार २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी घेण्यात आला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूच्या हलतील हे ओळखून, संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. लोखंड कटाक्षाने टाळून, अचुंबकीय दगडाने तिची इमारत बांधली गेली. आणि १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जुन्या मालिकेचा धागा नव्या मालिकेशी न तुटता जोडला जावा म्हणून. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली.

लहानपणी मला या गोष्टीत वेधशाळेचा पराभव दिसे. ट्राम जिंकली आणि शास्त्राने गाव सोडले. आज मला तिच्यात एक सभ्यता दिसते. ट्राम हा वेधशाळेला गोंगाट होता, परंतु कामावर जाणाऱ्या माणसांना ती ट्राम होती. ज्याला शांतता हवी त्याने उठून शांततेकडे जावे, पण जाताना आपल्या सत्याचा धागा तुटू देऊ नये, असा तो मार्ग होता. अर्थात हे तत्त्व सर्वत्र लावता येणार नाही. ऐकणाऱ्यांनी किती वेळा उठावे, यालाही मर्यादा आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. मानवी गोंगाट कमी म्हणूनही ती जागा निवडली गेली. पुणे–नाशिक रेल्वेचा नियोजित मार्ग तिच्या शेजारून जाणार असे दिसले, तेव्हा त्या मार्गाचाच फेरविचार करावा लागला. समाजाने काही ठिकाणी शांतता राखून ठेवली पाहिजे, एरवी कोणालाच दूरचे काही ऐकू येणार नाही. पण हा हक्क साऱ्यांच्या वतीने ऐकणाऱ्या संस्थेचा आहे. माझी गच्ची म्हणजे खोडद नव्हे, आणि हूटगळ्ळीच्या गल्लीने माझ्यासाठी काम थांबवावे हा हट्ट शास्त्राच्या नावाने केलेला अहंकारच ठरला असता.

अखेर मी पाने फाडली नाहीत. शेऱ्याच्या रकान्यातले तास, वार, विरामांचे तपशील खोडले आणि तिथे 'स्थानिक व्यत्यय' एवढेच लिहिले. आणि चौकट फिरवली. आकाशकाची बहिरी दिशा मी त्या घराकडे लावली आणि खांबाला खिळ घातली. यात तोटा आहे. दक्षिणेकडून येणारा नौदलाचा संकेत आता चौकटीला तिरपा भेटतो आणि त्याची सुमारे दोन-पंचमांश तीव्रता हरवते. शिवाय उपद्रव मंदावला तरी पुरता गेला नाही. विजेच्या तारांवरून तो थोडाफार येतोच. पण आता त्या झिपऱ्यांवरून कोणाचा दिनक्रम वाचता येत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाला हे वेडेपण वाटेल. उपकरण चांगल्या स्थितीत असताना ते मुद्दाम थोडे वाईट करणे, हे त्याच्या व्यवसायाच्या विरुद्ध आहे.

एक आक्षेप मात्र मी स्वतःलाच घेतो, आणि तो अधिक गंभीर आहे. दुसऱ्याच्या कष्टांचा आवाज न ऐकणे, हेच तर आपण सारे रोज करतो. ज्या बाईच्या रात्रीच्या श्रमांवर गल्लीचे दसरा-दिवाळीचे कपडे उभे राहतात, तिचा आवाज एकदा ऐकू आल्यावर त्याकडे बहिरेपण वळवणे म्हणजे सोयीची बेपर्वाईच नव्हे काय? यावर मला एवढेच म्हणता येते की, बहिरेपण दोन प्रकारचे असते. बेपर्वाईचे बहिरेपण आपण काय ऐकत नाही हे जाणत नाही. तसे जाणण्याची त्याला गरजही वाटत नाही. आदराचे बहिरेपण ते नेमके जाणते. त्याने आधी ऐकलेले असते, दिशा शोधलेली असते, आणि मग आपल्या खर्चाने पाठ वळवलेली असते. पहिल्यात माणूस हरवतो, दुसऱ्यात तो त्याच्या घरी सुरक्षित राहतो. तिच्याविषयी जे कळायचे ते मला आता दारात उभे राहून, विचारून कळते. आणि ती सांगेल तेवढेच कळते. ही हकीकत लिहिण्याआधीही मी तिला विचारले. नाव आणि गल्ली नको, बाकी लिहा, असे तिने सांगितले.

१० मे २०२४ रोजी दुपारी बाराच्या पुढे सूर्यावर एक मोठा प्रज्वाल उठला. त्या आठवड्यातल्या सौर वादळांनी पुढे लडाखमधील हानलेच्या आकाशात तांबूस प्रकाश उमटवला. लग्नसराईचे दिवस होते, तेव्हा शेजारचे मशीन दुपारीही चालू असणार. माझी तिरपी चौकट, उणावलेला संकेत, आणि तरीही साडेबाराच्या आत रेषा झपकन उठली आणि मग सावकाश ओसरत गेली. सरळ लावलेल्या चौकटीत ती अधिक उंच आणि अधिक रेखीव आली असती, यात शंका नाही. मी वेळ लिहिली, शेऱ्याच्या रकान्यात चौकटीची दिशा लिहिली. पुढे कधी कोणी ही वही उघडली, तर संकेत इतका क्षीण का, हे त्याला त्या एका आकड्यावरून कळेल. त्या दिशेला कोण राहत होते, हे मात्र कळणार नाही.